म्यानातला चाकू आणि भाजीचा चाकू: एका पहिल्या पात्याच्या गंजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला मुलगा माझा भाचा. नातं सांगतो, नाव आणि गाव सांगत नाही, कारण यात गावच्या लोहाराचाही संबंध आहे आणि चुका आम्हा तिघांच्या मिळून आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटीच्या पलीकडे, एवढा पत्ता पुरे. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं अर्धं प्रकरण न सांगताच कळेल. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो. मृग लागला की भिंती ओल धरतात, पापड मऊ पडतात, दाराची कडी सकाळी हाताला तांबूस लागते. त्याच जिल्ह्यात अथणीकडे गेलात तर जुलैमध्येही शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. जिल्हा एक, हवा दोन. चाकूच्या गोष्टीत हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, आणि नेमकं तेच मी त्याला सांगितलं नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. गेज (मापं तपासायची साधनं), कटर, पंच, डाय हेच आयुष्य. लोखंड का गंजतं ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. भाचा आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. २०२४ च्या मे महिन्यात सुट्टीला घरी आला आणि डोक्यात घेऊन आला की स्वतःच्या हातानं एक चाकू करायचा. विकत आणलेल्या पात्याला मूठ बसवायची नव्हती, पातंसुद्धा स्वतःच घडवायचं होतं. दाजी म्हणाले, "त्यापेक्षा माझ्या कत्तीला धार लावून दे." ते काही झालं नाही.

लांबी किती ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. त्याला मोठं पातं हवं होतं. मी सहा इंचांवर थांबवलं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा वेगळा उल्लेख आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत हे खरं. पण पहिल्याच चाकूला हे समजावून सांगायची वेळ कशाला आणायची? शिवाय सहा इंच सरळ कानसायला जमलं तरी पुष्कळ झालं.

लोखंड कुठलं घ्यायचं

पहिला निर्णय भंगारवाल्याच्या अंगणात झाला. घरात स्टीलच्या भांड्यांचा एक जाड तुकडा पडला होता, तो न गंजणारा. भाच्याला वाटलं, तोच घ्यावा. पण भांड्यांच्या स्टीलमध्ये कार्बन नावालाच असतो. ते कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही, धार दुसऱ्या दिवशी वळते. चाकूसाठी वेगळं न गंजणारं पोलाद मिळतं, पण त्याला कडक करायला हजार अंशांच्या वर नेऊन तिथं नेमकं धरून ठेवावं लागतं. गावच्या भट्टीत डोळ्यांच्या अंदाजानं ते होणं नाही. जुनी कानस हा दुसरा पर्याय. तिच्यात कार्बन भरपूर, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात ती काचेसारखी तुटते.

राहिला जीपच्या कमानीचा पाटा. गावोगावचे लोहार कोयते, खुरपी, विळ्याची पाती याच पाट्याची करतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, जोडीला सिलिकॉन किंवा मँगनीज, आणि क्रोमियम असलंच तर एक टक्क्याच्या आसपास. लोखंड गंजू नये म्हणून निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. म्हणजे पाटा निवडला त्याच मिनिटाला गंजही निवडला गेला होता. मला हे ठाऊक होतं. भाच्याला मी एवढंच म्हणालो, "हे गंजतं हं, तेल लावत जा." चार शब्दांत सल्ला आटोपला. पुढचं सगळं त्या चार शब्दांतून उगवलं.

जुना पाटा घेताना एक काळजी घेतली ती बरी घेतली. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून दिला. उरलेला रॉकेलनं पुसून, वर खडूची पूड फिरवून बघितला. तडा असला की रॉकेल तिथून झिरपून पांढऱ्यावर रेघ उमटते. रेघ दिसली नाही.

पाणी पाजणं

लोहारकाकांनी पाटा तापवून चार मिलिमीटरपर्यंत ठोकून दिला. एका पट्टीतून दोन पाती निघाली. पुढचं काम भाच्याचं: ग्राइंडरनं आकार, मग कानस, मग पॉलिश पेपर. कडक करण्याआधी धारेची कड मी रुपयाच्या नाण्याएवढी जाड ठेवायला लावली. पातळ केली की भट्टीत करपते किंवा वाकते.

पातं लाल करून बुडवणं याला आपल्याकडे पाणी पाजणं म्हणतात, तेलात बुडवलं तरी. लोहारकाका खरोखरच पाण्यात बुडवतात, पण पूर्ण पातं नाही. फक्त धार क्षणभर टेकवतात, उचलतात, आणि पाठीकडची उरलेली धग धारेकडे येताना पोलादावर जे रंग पळतात ते बघून योग्य रंगाला पुन्हा थंड करतात. पन्नास वर्षांचा डोळा लागतो त्याला. काका चहाला गेले होते. भाच्यानं पहिलं पातं लालभडक करून सरळ बादलीत बुडवलं. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. टोकाकडून दोन इंचांवर आडवा तडा.

काका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "व्हायचंच की. आमचं घाईनं असलंच हुतंय पहिल्यांदा. फेकू नको, ठेव."

तो ‘ठेव’ या प्रकरणात फार महत्त्वाचा ठरला. तड्यापाशी तोडल्यावर चार इंचांचं बुटकं पातं उरलं.

दुसऱ्या पात्याच्या वेळी मी हजर होतो. दिवेलागणीला भट्टी लावली, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून जवळ ठेवलं. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं सोडतं. तिथून आणखी थोडं वर न्यायचं, रंग सगळीकडे एकसारखा आला की बुडवायचं. शेंगतेल हाताला चटका बसेल इतपत कोमट करून घेतलं होतं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून लवकर भिडतं. या वेळी टिंग झालं नाही. कानस फिरवली तर नुसती घसरली.

कडक झालेलं पातं तसंच वापरलं तर पडल्यावर तुटेल, म्हणून ते पुन्हा मंद तापवून उतरवायचं असतं. हे काम शहरात माझ्या घरच्या ओव्हनमध्ये केलं, २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घासलेल्या पोलादावर वाळल्या गवताचा फिका पिवळा रंग आला. बुटकं पातंही त्याच ताटलीत होतं. सोमवारी कारखान्यातल्या, कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर मोठं पातं तपासलं. ५७ आलं. पहिल्या चाकूला ५७ म्हणजे मी तरी पेढे वाटले असते.

मूठ आणि म्यान

आता चूक सांगतो. पातं इतकं छान उतरलं की तिथून पुढं सगळं ‘छान दिसण्याच्या’ वाटेनं गेलं. भाच्यानं दोन दिवस बसून ते आरशासारखं केलं. मुठीला सागाच्या दोन फळ्या, पितळेच्या तीन रिव्हेटी, आणि मध्ये अ‍ॅरल्डाइट, म्हणजे दोन नळ्या मिसळून लावायचा गोंद. अ‍ॅरल्डाइटची जोडी महाग, म्हणून कडेकडेनं पातळ लावलं, मध्ये कोरडं. वरून बघितलं तर फट दिसत नव्हती.

म्यान अथणीचं. आयटीआयतल्या मित्राच्या घरी चपलांचं काम चालतं. आपण ज्याला कोल्हापुरी म्हणतो ती चप्पल अथणी, निपाणी भागातही पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या जिल्ह्यांबरोबर बेळगावचंही नाव आहे. तिथलं चामडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. मित्राच्या आजोबांनी तळव्याच्या जाड चामड्याचं म्यान करून वादीनं शिवून दिलं. काम बघून डोळे निवले. चाकू त्यात ‘टक’ करून बसायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचा आयटीआयला परतला. जाताना चाकूला शेंगतेल लावलं, म्यानात घातला, म्यान फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. मला फोन करून विचारलंही, "मामा, असंच ठेवू ना?" मी म्हणालो, "ठेव."

बुटकं पातं अक्कानं मागून घेतलं होतं. त्याला चकाकी नव्हती, कानशीचे ओरखडे तसेच होते. दाजींनी मोडक्या खुरप्याची मूठ त्यावर ठोकून दिली. तेल नाही, म्यान नाही. कांदा, भेंडी, कैरी, सुरण, जे येईल ते त्यावर.

अडचण

नागपंचमीला आमच्याकडे चिरणं, तळणं, तवा ठेवणं काही चालत नाही. आदल्या रात्री अक्का घरातल्या सगळ्या विळ्या, सुऱ्या, कत्त्या गोळा करून एका बुट्टीत घालते आणि बुट्टी माळ्यावर जाते. भाचा सणाला आला होता. "तुझापण आण," म्हणाली. त्यानं ट्रंक उघडली.

म्यानातून चाकू निघेना. ओढून काढला तर पात्याच्या दोन्ही अंगांना कातड्याचा छाप निळ्या-काळ्या डागांनी उमटलेला, जसा काही शाईचा शिक्का मारलाय. म्यानाच्या तोंडाशी आणि मुठीच्या कडेला नारंगी गंजाची रेघ. पाठीवर ठिपके. ठिपका पुसला तर खाली नखाला लागेल असा खड्डा. शेंगतेल जागोजागी चिकट पिवळं झालेलं.

आणि बुट्टीत शेजारी बुटका चाकू. राखाडी, मध्येच काळा, कुठं निळसर झाक. दिसायला गबाळा. लाल गंजाचा एक ठिपका नाही.

एकाच पाट्याची, एकाच ओव्हनमधून निघालेली दोन पाती. दोन महिने एकाच घरात. जपलेलं खराब झालं, राबवलेलं टिकलं. भाच्यानं दोन्हींचा फोटो पाठवला आणि खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

मी रात्री फोटो मोठा करून बघत बसलो. कारखान्यात आम्ही गेज तेलात बुडवून, मेणकागदात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतो. परदेशी जाणारे सुटे भाग गंजरोधक वाफ सोडणाऱ्या खास पिशव्यांत भरतात. चामड्यात कोणी कधी काही ठेवलेलं मी बघितलेलं नाही. मग मी ‘ठेव’ का म्हणालो? कारण म्यान म्हटलं की तलवार आठवते, आणि तलवार म्यानातच असते असं डोक्यात बसलंय.

कारण एक नव्हतं, चार-पाच एकत्र आले होते. कमावलेलं चामडं हवेतली ओल शोषून धरतं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. कच्चं कातडं टिकवायला मीठ लावतात, त्याचा अंश राहू शकतो. हिरडा आणि बाभळीतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळंनिळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड मिळून काळी शाई करायचे, तीच शाई इथं म्यानाच्या आत तयार झाली. पत्र्याची ट्रंक रात्री गार होते आणि आतल्या दमट हवेचं पाणी सुटतं. शेंगतेल फार वेळ टिकणारा थर देत नाही, आणि फडक्यानं व चामड्यानं ते पिऊनही टाकलं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की उघडं लोखंड भराभर गंजायला लागतं. खानापूरच्या जुलैमध्ये साठ टक्के ही कोरडी हवा म्हणायची.

अक्काच्या चाकूचं उत्तर उलटं होतं. कांदा, कैरी, चिंच यांच्या आंबट रसानं त्यावर रोज थोडी थोडी काळी साय धरली. लाल गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगून सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. काळी साय पातळ असते आणि घट्ट धरून राहते. ती गंज पूर्ण थांबवत नाही, पण वेळ देते. बाकीचं काम अक्काच्या पदरानं केलं. चिरून झालं की धुवून, पदराला पुसून, चुलीच्या वरच्या फळीवर. तिथं दिवसभर ऊब.

पर्याय

भाच्याला पहिल्या रात्री जे सुचलं ते म्हणजे पातं पुन्हा आरशासारखं घासून वरून क्लिअर लॅकर मारणं. मुठीवर चालेल, धारेवर नाही. दोन फणस कापले की लॅकर सोलून निघणार, आणि ते खाण्यात जाणार.

दुसरा पर्याय माझ्या ओळखीतून आला. उद्यमबागमध्ये प्लेटिंगवाले आहेत, निकेल-क्रोम चढवून देतो म्हणाले. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. प्लेटिंगच्या आधी वस्तू आम्लात बुडवतात. कडक पोलादात त्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. कारखान्यात अशा भागांना नंतर तास न्‌ तास भाजून तो काढावा लागतो. शिवाय धार लावली की तिथला थर जाणार, आणि निकेलला लागून उघडं पडलेलं लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. जस्ताचा थर लोखंडासाठी स्वतः झिजतो हे खरं, पण चिंच-कैरीच्या रसात विरघळतो. जेवणाच्या वस्तूला तो नको.

तिसरा पर्याय भाच्यानंच आणला: तवा मुरवतात तसं तेल लावून पातं चुलीवर तापवायचं. कल्पना चांगली, जागा चुकीची. चुलीच्या ज्वाळेवर पातळ टोक मिनिटभरात निळं पडतं. निळं म्हणजे जवळपास ३०० अंश, म्हणजे २०० वर उतरवलेला कडकपणा तिथं गेला. त्याला मी फोनवरच थांबवलं. पण हीच गोष्ट ओव्हनमध्ये २०० च्या खाली ठेवून करता येणार होती. अडचण फक्त मुठीची. लाकूड आणि अ‍ॅरल्डाइट ओव्हनमध्ये जात नाही.

म्हणजे खरा निर्णय इथं होता: मूठ काढायची की नाही? वरचा गंज काढून, काळी साय धरवून काम भागलं असतं. मूठ सुबक बसली होती, काढायची म्हणजे रिव्हेटी ड्रिल करून फोडायच्या, फळ्या वाया. भाचा तयार नव्हता. आठ दिवस गेले त्यात. शेवटी लोहारकाकांनी मुठीच्या कडेवरची नारंगी रेघ नखानं खरवडली आणि एवढंच म्हणाले, "ही बाहेरून आत गेल्या का आतनं बाहेर आल्या?"

काय केलं

मूठ फोडली. आतनं बाहेर आली होती. जिथं अ‍ॅरल्डाइट लागलं होतं तिथं पोलाद पहिल्या दिवसासारखं पांढरं. मधल्या कोरड्या भागात नारंगी चिखल. सागाची फळी आतून ओली. हे बघितल्यावर भाच्याची हळहळ संपली.

गंज काढायला रॉकेल आणि बारीक स्टील वूल, मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर. सगळे खड्डे काढायचे तर अर्धा मिलिमीटर धातू घालवावा लागला असता. मोठे ठेवले, त्यांच्या तळातला गंज तेवढा टोकरून काढला. आरसा पुन्हा करायचा नाही असं ठरवलं. गुळगुळीत पातं गंजाला थोडं कमी बळी पडतं हे खरं, पण आरशावर एक ठिपकाही जखमेसारखा दिसतो, आणि मग माणूस वस्तू वापरायचं सोडून जपायला लागतो.

काळी साय धरवायला कांदा-कैरीची वाट न बघता हिरडा वापरला. ज्या टॅनिननं म्यानात डाग पाडले तेच आता सारखं, सगळीकडे आणि आपल्या हातानं लावायचं. मूठभर हिरडा कुटून अर्धा लिटर पाण्यात उकळला, गाळून गार केला. पातं आधी धुण्याच्या सोड्यानं घासून तेलाचा अंश घालवला. बोटाचा ठसा राहिला तरी तिथं रंग धरत नाही. आमच्या तपासणी विभागात एकाच्या हाताचा घाम इतका खारट की त्यानं गेजला हात लावला की दुसऱ्या दिवशी ठसा उमटायचा, त्याला हातमोजे सक्तीचे होते. तर, अर्धा तास बुडवायचं, काढून पुसायचं, वाळवायचं, असं तीनदा. पातं जांभळट काळं झालं.

मग जवसाचं तेल. शेंगतेल आणि जवस यांत इथं मोठा फरक आहे. जवसाचं तेल हवेत सुकून कातडीसारखा कडक थर धरतं, करडईचंही बरंचसं तसंच. शेंगतेल आणि खोबरेल नुसतं चिकट होत जातं किंवा ओलंच राहतं. तेल अगदी पातळ लावून, जणू पुसूनच टाकतोय असं कोरड्या फडक्यानं काढून, ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर. तीन थर. आमच्या घरातल्या नानकटाईला पुढं पंधरा दिवस जवसाचा वास होता, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं. एक इशारा इथंच देतो: जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा आणि मग टाका.

नवी मूठ जुन्या खाटेच्या शिसवी पायाची. अ‍ॅरल्डाइट या वेळी दाबल्यावर चारी बाजूंनी ओघळेल इतकं. रिव्हेटी पुन्हा पितळेच्या. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की लोखंड आधी झिजतं, हे मी बोललो. भाचा म्हणाला, "ओलावाच नसला तर?" म्हणून भोकंही अ‍ॅरल्डाइटनं भरून मग रिव्हेट ठोकली.

म्यान फेकलं नाही. ते खुंटीला टांगलेलं असतं, रिकामं. चाकू अक्काच्या फळीवर, बुटक्याच्या शेजारी.

निकाल

उरलेल्या पावसाळ्यात लाल ठिपके दोनदाच दिसले, दोन्ही धारेच्या कडेला. ते येणारच. धार लावली की तिथला थर जातो, आणि मिलिमीटरभर पट्टी कायम उघडी राहते. ती पुसणं हाच तिचा उपाय.

खरा धडा खंडेनवमीला मिळाला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुवून पूजेला मांडतात. भाच्याचा चाकू मधोमध होता. हळद-कुंकवाचं ओलं बोट, फुलं, वर कापलेलं लिंबू. रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी बोटाच्या आकाराचा एक फिका गोल आणि त्याच्या कडेला नारंगी कंगोरा. लिंबाच्या आम्लानं काळा थर खाल्ला होता. स्टील वूल, थोडा हिरडा, जवस, चार दिवस ऊन, आणि तो गोल जवळजवळ मिटला. ‘जवळजवळ’ म्हणतो कारण तिरक्या उजेडात अजून दिसतो. बुटक्या चाकूला कुंकू लावलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "त्याची रोजच पूजा हुत्या."

फणसाच्या दिवसांत मोठा चाकू खरा कामाला आला. चीक चिकटू नये म्हणून पात्याला तेल लावतातच, त्यात त्याचं आपोआप भागलं. २०२५ चा पावसाळा त्यानं फळीवरच काढला. पाठीवर दोन काळे ठिपके वाढले, लाल एकही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सुरुवात करतो. ‘तेल लावत जा’ याऐवजी मी तीन प्रश्न विचारायला हवे होते: कुठं ठेवणार, कशात ठेवणार, रोज कोण हात लावणार? तेल कुठलं हा चौथा प्रश्न. चाकू अथणीत राहणार असता तर तेच शेंगतेल, तेच म्यान कदाचित वर्षभर चाललं असतं.

मूठ बसवण्याच्या आधी पातं ओव्हनमधून काढताना ते गरमच होतं. हिरडा आणि जवस त्याच वेळी, मूठ नसताना करून घेतलं असतं तर रिव्हेटी फोडायची वेळ आली नसती. काम करायचा हा सरळ क्रम, पण चकाकीच्या नादात कोणाला सुचला नाही. अ‍ॅरल्डाइटची बचत तर बोलायलाच नको.

म्यानाबद्दल भाच्याचं आणि माझं अजून जमत नाही. त्याचं म्हणणं, आतून मेण पाजून घेतलं तर म्यान चालेल. मी म्हणतो, शेतात नेताना घाल, घरी आल्यावर काढ. आजोबांना विचारलं तर ते हसले. चामडं कापायच्या त्यांच्या रापीला त्यांनी कधी म्यान केलेलं नाही.

आणि पहिलं पातं फुटलं नसतं तर? तर बुटका चाकू झाला नसता, शेजारी ठेवून बघायला काही नसतं, आणि आम्ही सगळा दोष पाट्याच्या लोखंडावर ढकलून मोकळे झालो असतो. आता भाचा दरवेळी एका पट्टीतून दोन पाती काढतो. एक साधं, कसलाही साज न केलेलं, नुसतं वापरायला द्यायचं.

परवा त्याच्या चाकूची नवी मूठ भिंग लावून बघितली. डाव्या अंगाला, खालच्या रिव्हेटीभोवती, केसाएवढी फट पडली आहे. लाकूड उन्हाळ्यात आक्रसलं असणार. त्यात जवसाचे दोन थेंब सोडलेत. आत काय चाललंय ते कळायला मूठ पुन्हा फोडावी लागेल, आणि या वेळी तो म्हणतो, पुढच्या नागपंचमीपर्यंत थांबू.